लव्हाळ्याचा क्रूस

सण जवळ आला की घरात किती गडबड असते, ते तुम्हाला सांगायला नको. घर सारवायचे. दार सजवायचे. गोडधोड करायचे. अशा वेळी पोरे मध्ये मध्ये लुडबुडतात. "मला करू दे की गं आई," म्हणून पाठीस लागतात. आई म्हणते, "जा पळ, बाहेर खेळ. तू सांडशील." पोर हिरमुसून बाहेर जाते. काम झटपट उरकते, हे खरे. पण या झटपट उरकण्यात काही तरी हातचे निसटते.

काय निसटते? तेच आज पाहू. त्यासाठी जरा लांब जावे लागेल. युरोपात आयर्लंड नावाचा देश आहे. तिथे आजीआजोबा आणि मुले मिळून सणाच्या शोभेच्या वस्तू करीत. त्या वस्तूंना पैसा लागत नसे. गवत, कागद, शेतातला कंद, एवढे पुरे होई. वस्तू साध्या, पण त्यांची हकिकत मोठी आहे.

आयर्लंड हा देश

आयर्लंड हे एक बेट आहे. इंग्लंडच्याही पश्चिमेला, समुद्रात. त्याच्या पलीकडे मोठा महासागर आणि मग थेट अमेरिका. बेट फार मोठे नाही. आपल्या महाराष्ट्राच्या चौथाईहून थोडे मोठे, इतकेच. तिथे पाऊस बाराही महिने येत-जात असतो. ऊन कमी. म्हणून गवत भरपूर आणि गाईगुरे भरपूर. दूध आणि लोणी ही तिथली जुनी दौलत. गरिबाचे जेवण मात्र बटाट्यावर चाले.

या देशावरही इंग्रजांचे राज्य होते. शेकडो वर्षे होते. तिथल्या लोकांनी त्यासाठी मोठा लढा दिला. १९२२ साली देशाचा बराचसा भाग इंग्रजांच्या हातून सुटला. उत्तरेचे सहा जिल्हे ब्रिटनकडे राहिले. आपल्या लोकमान्य टिळकांनी १९१६ साली होमरूल लीग काढली. होमरूल म्हणजे आपल्या घरचा कारभार आपण पाहणे. हा शब्द आयर्लंडच्या चळवळीतूनच आपल्याकडे आला. तेव्हा हा देश आपल्याला अगदीच परका नाही, बरं का.

तिथले पुष्कळ लोक ख्रिस्ती धर्माचे. त्यांचे सणही त्याच धर्माचे. पण त्या सणांत त्याहूनही जुन्या, शेतकऱ्यांच्या चालीरीती मिसळलेल्या आहेत. ऋतू बदलला, गाय व्याली, पीक घरात आले, म्हणजे शेतकऱ्याला आनंद होतोच. मग धर्म कोणताही असो.

३१ जानेवारीची संध्याकाळ

आयर्लंडमध्ये १ फेब्रुवारीला वसंत ऋतू लागतो, असे जुने लोक मानत. थंडी अजून असते. पण मेंढ्या दुभत्या होऊ लागतात. दिवस मोठा होऊ लागतो. हाच दिवस संत ब्रिजिडबाईंचा.

ब्रिजिडबाई सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी होऊन गेल्या. किल्डेर नावाच्या गावी त्यांनी मठ स्थापला. किल्डेर म्हणजे ओक झाडाचे देऊळ. ओक हा तिकडचा मोठा वृक्ष. ब्रिजिडबाई गाईगुरांच्या आणि दूधदुभत्याच्या रक्षणकर्त्या, अशी तिथल्या शेतकऱ्यांची श्रद्धा. भुकेल्याला त्या कधी रिकाम्या हाताने परत पाठवीत नसत, अशा गोष्टी आजही सांगतात.

आता एक जुने घर डोळ्यांपुढे आणा. भिंती दगडमातीच्या. छप्पर गवताने शाकारलेले. आत चूल पेटलेली. बाहेर बोचरा वारा. तारीख ३१ जानेवारी. संध्याकाळ झाली आहे.

घरातले कोणी तरी बाहेर जाऊन लव्हाळा घेऊन येते. कुठे घरधनी जाई, तर कुठे घरातली मुलगी. तो लव्हाळा आपल्या ओढ्याकाठच्या लव्हाळ्यासारखाच. पाणथळ शेतात उगवतो. काडी गोल, गुळगुळीत, लांबलचक. आत पांढरा मऊ गाभा. हा लव्हाळा विळ्याने कापायचा नाही, हाताने उपटायचा, असा रिवाज.

लव्हाळा आणणारा दाराशी थांबतो. ब्रिजिडबाई आल्या आहेत, दार उघडा, अशा अर्थाचे बोल तीनदा म्हणतो. आतली मंडळी म्हणतात, "या, या." आपल्याकडे गौरी घरात आणतात, तेव्हाही असेच विचारणे आणि सांगणे होते, नाही का? मग दार उघडते. लव्हाळा आत येतो. सगळे जेवायला बसतात. कुटलेला बटाटा आणि त्यावर लोण्याचा गोळा, हे त्या रात्रीचे खास जेवण.

जेवण झाले की घरातले सारे जण चुलीभोवती बसतात. आजोबा लव्हाळ्याची पेंढी सोडतात. मुले जवळ सरकतात. आणि क्रूस विणायला सुरुवात होते.

क्रूस हे ख्रिस्ती लोकांचे पवित्र चिन्ह. आपल्याकडे वसईला ख्रिस्ती लोक झावळ्यांच्या रविवारी पातीचे क्रूस करतात. पण आयर्लंडचा हा क्रूस निराळाच दिसतो. मध्ये विणलेला चौकोन असतो. त्यातून चार बाजूंना चार हात निघतात. ते समोरासमोर नसतात, थोडे सरकलेले असतात. म्हणून तो मुलांच्या भिंगरीसारखा दिसतो. आता फिरेल की मग फिरेल, असे वाटते.

यामागे एक लोककथा आहे. एक सरदार मरणाला टेकला होता. तो ख्रिस्ती नव्हता. ब्रिजिडबाई त्याच्या उशाशी बसल्या. त्या काळी जमिनीवर लव्हाळा पसरीत. बसल्या बसल्या बाईंनी खालच्या काड्या उचलल्या आणि विणू लागल्या. सरदाराने विचारले, "हे काय करता?" बाईंनी त्याला क्रूसाचा अर्थ सांगितला. ते ऐकून त्याचे मन शांत झाले. पुस्तक नव्हते, पाटी नव्हती. हातातल्या काडीने शिकवले.

क्रूस तयार झाला की तो दारावर लावतात. कुठे छपराच्या वाशात खोचतात. एक गोठ्यातही लावतात. घराला आग लागू नये, घरात भूक येऊ नये, गुरांना रोग होऊ नये, ही त्यामागची भावना. गवताचे छप्पर आणि खाली पेटती चूल. आगीची भीती केवढी असेल, ते तुम्हीच जाणता. नुसता क्रूस लावून आग थांबत नाही. पण ज्या घरात दरवर्षी सगळे जण मिळून आगीची आठवण करतात, त्या घरात चूल विझवायला कोणी विसरत नाही.

काही घरांत जुना क्रूस काढत नसत. त्याच्या शेजारीच नवा खोचीत. वाशात किती क्रूस आहेत ते मोजावे, म्हणजे त्या घरात किती वर्षे चूल पेटते आहे ते कळे. वर्षांचा हिशेब कागदावर नाही, छपरात.

क्रूस कसा विणतात

हे काम अवघड नाही. वाचता वाचता करून पाहा. वीसेक काड्या घ्या. लव्हाळा ताजा असेल तर तो सहज वाकतो. आयर्लंडमध्ये काही ठिकाणी लव्हाळ्याऐवजी गव्हाचे काड वापरीत. काड वाळलेले असेल तर आधी पाण्यात भिजवावे. नाही तर वाकवताना तुटते.

पहिली काडी उभी धरा. ही सरळच राहू द्या. हिला दुमडायचे नाही.

दुसरी काडी मधोमध दुमडा. तिचा दुमडा पहिल्या काडीच्या मध्याला अडकवा. दुमडा डावीकडे राहील. दोन्ही टोके उजवीकडे जातील. मध्यावर अंगठा घट्ट दाबून धरा.

आता सगळे मिळून पाव फेरा फिरवा. डाव्या हाताच्या बाजूला फिरवा. म्हणजे उजवीकडची टोके वर येतील.

तिसरी काडी घ्या. तीही मधोमध दुमडा. वर आलेल्या काड्यांना तिचा दुमडा अडकवा. पुन्हा टोके उजवीकडे. तिला मध्याकडे सरकवा. पहिल्या विणीला चिकटली पाहिजे.

पुन्हा पाव फेरा. पुन्हा एक काडी. पुन्हा पाव फेरा. पुन्हा एक काडी. बस्स, एवढेच. दर वेळी नवी काडी वर असलेल्या सगळ्या काड्यांना कवेत घेते. हळूहळू मध्ये चौकोन भरत जातो. चार हात लांब होतात.

काड्या संपल्या की चारही हातांची टोके दोऱ्याने बांधा. शेवटची काडी सुटू देऊ नका. मग टोके सारखी कापा. झाला क्रूस तयार.

यात खुबी एकच. अंगठा सोडायचा नाही. मध्य सैल झाला की सगळी वीण सुटते. तिथले आजोबा नातवाला तोंडाने फार सांगत बसत नसत. त्याचा अंगठा मध्यावर ठेवीत आणि वरून आपला अंगठा दाबीत. हाताला कळले की डोक्याला कळतेच.

मुलांना काय द्यावे?

पोरे लुडबुडतात, काम बिघडवतात, ही आपली तक्रार. पण काम नीट वाटून दिले तर पोरे बिघडवत नाहीत.

चार वर्षांच्या मुलाला काड्या निवडायला द्या. लांब एकीकडे, आखूड एकीकडे. त्याला मोजणी येईल. सात-आठ वर्षांच्या मुलाला विणू द्या. पहिल्या दोन काड्या तुम्ही लावा, पुढे त्याला करू द्या. मोठ्या मुलीला किंवा मुलाला टोके बांधायला आणि कापायला सांगा. कात्री, सुरी, जळती मेणबत्ती ही मोठ्यांच्या हातात. यात हयगय नको.

आणि एक सांगतो. मुलाने केलेली वस्तू वाकडी झाली, तरी ती उसवून सरळ करू नका. तीच दारावर लावा. मूल दिवसातून दहा वेळा तिच्याकडे बघेल. पुढल्या वर्षी आपण होऊनच सरळ करील.

वर्षभराचे सण

क्रूसाबरोबर आणखी एक गंमत असे. मुले गवताची किंवा चिंध्यांची बाहुली करीत. कुठे लोणी काढायच्या दांड्यालाच झगा आणि टोपी चढवीत. तिला म्हणायचे छोटी ब्रिजिड. ती घेऊन मुले घरोघर जात. गाणी म्हणत. लोक त्यांना अंडी, पोळी, एखादा पैसा देत.

मग १७ मार्चला संत पॅट्रिक यांचा सण येई. या संताने आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म पसरवला. त्या दिवशी लोक अंगरख्याला तीन पानांची एक हिरवी डहाळी लावतात. मेथीच्या देठाला कशी तीन पाने असतात? तशीच. मुले कागदाचे बिल्ले करीत. मुली कागदाच्या क्रूसाला रंगीत फिती गुंडाळीत. रंग विकत कुठून आणणार? पिवळा रंग अंड्याच्या बलकाचा. हिरवा रंग पाला चुरडून. मुलांना तेवढ्यात सगळा बाजार सापडे.

३१ ऑक्टोबरची रात्र मोठी गमतीची. त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे फिरतात, असा जुना समज. त्यांना भिववायला मुले कंदील करीत. कशाचा? तर सलगमाचा. सलगम म्हणजे मुळ्याच्या जातीचा गोल, जाड कंद. तो आतून कोरायचा. बाहेरून डोळे आणि दात कापायचे. आत मेणबत्तीचा तुकडा ठेवायचा. अंधारात असा भेसूर चेहरा दिसला की मोठी माणसेसुद्धा दचकत. पुढे आयर्लंडचे लोक अमेरिकेत गेले. तिथे त्यांना मोठे, पिवळे भोपळे मिळाले. भोपळा कोरायला सोपा. म्हणून सलगम गेला आणि भोपळा आला. आज जगभर भोपळ्याचा कंदील दिसतो. त्याच्या मागे आयर्लंडच्या शेतातला सलगम होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१९४३ साली डोनेगल जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेने असा एक सलगमाचा कंदील तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयाला पाठवला. पूर्वी असे कंदील करीत, आता कोणी करीत नाही, असे तिने कळवले. कंद तो, टिकणार किती दिवस? म्हणून संग्रहालयाने त्याचा साचा घेऊन हुबेहूब नक्कल करून ठेवली. ती आजही आहे. एका बाईला वाटले, हे जपले पाहिजे. म्हणून ते जपले गेले.

खिडकीतला दिवा

डिसेंबरमध्ये नाताळ येतो. मुले रानात जाऊन काटेरी पानांची आणि लाल फळांची डहाळी आणत. तिने घर सजवीत. नाताळच्या आदल्या रात्री, २४ डिसेंबरला, खिडकीत मोठी मेणबत्ती लावीत. ती उभी करायला पुन्हा सलगमच. कंदाला भोक पाडून त्यात मेणबत्ती बसवायची. भोवती रंगीत कागद आणि डहाळी खोचायची. ही मेणबत्ती बहुधा घरातले सर्वांत लहान मूल पेटवी.

कशासाठी ही मेणबत्ती? येशूच्या जन्माच्या रात्री त्याच्या आईबापांना कुठे आसरा मिळाला नव्हता. आमच्या दारी कोणी वाटसरू आला तर त्याला आसरा आहे, हे सांगणारा हा दिवा.

पण आयर्लंडमध्ये या दिव्याला आणखी एक अर्थ आला. तो दुःखाचा आहे. तोही सांगितला पाहिजे.

१८४५ साली तिथे बटाट्यावर रोग पडला. शेतातले बटाटे शेतातच कुजले. पुढची काही वर्षे पुन्हा पुन्हा तेच झाले. गरिबांपाशी बटाट्याशिवाय दुसरे खाणे नव्हते. त्याच काळात त्या देशातून धान्य आणि गुरे इंग्लंडला जातच होती. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली. दहा लाखांहून अधिक माणसे जहाजांत बसून परदेशी गेली. १८४१ साली त्या बेटावर सुमारे ८२ लाख माणसे होती. १८५१ साली सुमारे ६५ लाख उरली.

दुष्काळ संपला, पण जाणे थांबले नाही. पुढे शंभर वर्षे तरुण मुले आणि मुली पोटासाठी देश सोडून जात राहिली. जाण्याच्या आदल्या रात्री शेजारीपाजारी त्या घरी जमत. रात्रभर जागत. माणूस मेल्यावर जसे जागतात, तसेच. कारण गेलेला पुन्हा दिसेल, याची आशा थोडीच असे. मग नाताळच्या रात्री खिडकीत दिवा लागला की आईला कोणाची आठवण येत असेल? दूर गेलेल्या लेकराचीच ना? १९९० साली मेरी रॉबिन्सन या बाई आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. परदेशी गेलेल्या आपल्या सगळ्या माणसांसाठी म्हणून त्यांनी आपल्या निवासाच्या खिडकीत दिवा तेवत ठेवला.

आता विचार करा. ज्या घरातली तरुण माणसे निघून गेली, त्या घरात आजोबा क्रूस कोणाला शिकवणार? सलगम कोण कोरणार? शिकवणारा आहे, पण शिकणारा नाही. अशाने हातातली विद्या हातातच मरते.

मुलांच्या वह्या

आयर्लंडच्या जुन्या माणसांची आणखी एक अडचण होती. त्यांची स्वतःची आयरिश भाषा होती. पण १८३१ नंतर ज्या सरकारी शाळा निघाल्या, त्यांत शिकवणे इंग्रजीत चाले. घरी एक भाषा, शाळेत दुसरी. कित्येक म्हाताऱ्यांना घरच्या भाषेत शेकडो गोष्टी येत, पण ती भाषा लिहिता येत नसे. त्यांच्या डोक्यात होते, पण कागदावर नव्हते.

देश स्वतंत्र झाल्यावर हे काही जाणत्या लोकांच्या ध्यानात आले. १९३५ साली सरकारने लोककथा आयोग नेमला. जुन्या गोष्टी, चालीरीती, गाणी गोळा करणे, हे त्याचे काम. आयोगाची माणसे थोडी, गावे पुष्कळ. मग त्यांनी एक युक्ती काढली. हे काम शाळेतल्या मुलांना दिले!

१९३७ आणि १९३८ या सालांत सुमारे ५,००० शाळांतल्या मुलांनी हे काम केले. मुले ११ ते १४ वर्षांची. सुमारे ५०,००० मुले. शाळेत दर आठवड्याला निबंध लिहावा लागे. त्याऐवजी मास्तर म्हणत, "आज घरी जा. आजीला विचारा, आजोबांना विचारा, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. ते काय सांगतील ते लिहून आणा."

मुलांनी काय काय विचारले! सण कसे पाळता? लोणी कसे काढता? खेळणी कशाची करीत होता? ताप आला तर कोणता पाला देत होता? दुष्काळात आपल्या गावात काय झाले? म्हातारी माणसे चुलीपाशी बसून सांगत. मुले वहीत लिहीत. पुढे त्यातले निवडक लेखन मोठ्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवले जाई.

अशी किती पाने झाली असतील? सुमारे ७ लाख ४० हजार! ती सगळी डब्लिन शहरातल्या विद्यापीठात जपून ठेवली आहेत. आता ती संगणकावरही वाचता येतात. आयोगाने जमवलेला हा सारा ठेवा २०१७ साली युनेस्को या जागतिक संस्थेने जगाच्या ठेव्यांच्या यादीत घेतला. राजेमहाराजांचे कागद जिथे मानाने ठेवतात, तिथे शेतकऱ्याच्या पोराची वही जाऊन बसली.

१९४२ साली आयोगाने संत ब्रिजिडबाईंच्या सणाबद्दल गावोगाव प्रश्न पाठवले. क्रूस कसा करता? कुठे लावता? जुन्याचे काय करता? गावोगावहून उत्तरे आली. कळले की क्रूस एका तऱ्हेचा नाही. कुठे चार हातांचा, कुठे तीन हातांचा, कुठे चौकटी-चौकटींचा. हे लिहून ठेवले नसते, तर आज कोणाला कळले असते?

हे काम कोणा एकट्याचे नव्हते, हे ध्यानात घ्या. आजोबांना ठाऊक होते, पण लिहिता येत नव्हते. नातवाला लिहिता येत होते, पण ठाऊक नव्हते. दोघे एका चुलीपाशी बसले, तेव्हा काम झाले.

पुढे काय झाले?

३१ डिसेंबर १९६१ ला आयर्लंडमध्ये दूरदर्शन सुरू झाले. त्याला एक खूण हवी होती. त्यांनी कोणती खूण निवडली? ब्रिजिडबाईंचा क्रूस. गोठ्याच्या दारावरची गवताची वीण घरोघरच्या पडद्यावर दिसू लागली. पुष्कळ वर्षे तीच खूण होती.

२०२३ सालापासून आयर्लंडच्या सरकारने ब्रिजिडबाईंच्या सणाची सार्वजनिक सुटी सुरू केली. बाईमाणसाच्या नावाची ही तिथली पहिलीच सार्वजनिक सुटी. आज जानेवारी संपत आला की शाळाशाळांतून मुले क्रूस विणायला बसतात. शहरात लव्हाळा कुठला? मग कागदाच्या सुरळ्या करून विणतात. काडी बदलली. वीण तीच आहे.

आपल्यासाठी काय?

आरंभी आपण म्हटले होते, पोराला हाकलले की काही तरी निसटते. काय निसटते, ते आता कळले ना? वस्तू बाजारात मिळेल. पैसे टाकले की चकचकीत वस्तू घरी येईल. पण ती कोणी कशी केली, कशासाठी केली, आपल्या आजीने ती करताना काय सांगितले, हे बाजारात मिळत नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात जाते. दुसरा हात जवळ नसेल, तर ते तिथेच संपते.

तुमच्या घरातही अशी विद्या असेल. कोणाची आई भिंतीवर चित्रे काढत असेल. कोणाचे वडील गवताचा दोर वळत असतील. शेजारची म्हातारी सणाला निराळीच एखादी वस्तू करत असेल. त्यांना लिहिता येत नसेल. पण आता तुम्हाला येते. मोठ्या कष्टाने तुम्ही अक्षर कमावले आहे. ते नुसते सही करण्यापुरते ठेवू नका. त्या म्हाताऱ्या माणसापाशी बसा. एका बाजूला तुमचे मूल बसवा. त्याच्या हातात काडी द्या. तुमच्या हातात लेखणी असू द्या.

करून पाहा

१. लव्हाळा, गव्हाचे काड किंवा कागदाच्या सुरळ्या घ्या. या पाठात सांगितलेली वीण मुलांबरोबर करून पाहा. दारावर भिंगरी म्हणून टांगा.

२. तुमच्या घरातले सर्वांत म्हातारे माणूस लहानपणी सणाला कोणती वस्तू स्वतः करत होते? ती कशी करत होते? त्यांना विचारा.

३. ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. खाली त्यांचे नाव, गावाचे नाव आणि तारीख लिहा. मग ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.